रुमाल, इलॅस्टिक आणि सोळा मुलं: दहा शनिवारांच्या नोंदी

बुधवार, १ जानेवारी २०२५

शनिवारपासून नवा गट. सोळा मुलं, वय सहा ते आठ, दर शनिवारी पाऊण तास, दहा आठवडे. लाकडी जमिनीचा हॉल आणि त्याच्या मधोमध एक खांब. खांब हलणार नाही, हे आधीच लिहून ठेवते. मागच्या गटाच्या वेळी मी आठ आठवडे त्याच्यावर चिडण्यात घालवले होते.

या वेळी स्टेप्स शिकवायच्या नाहीत. वस्तू आणि खेळ यांतून मुलांनी आपापल्या हालचाली शोधायच्या आणि शेवटच्या शनिवारी त्यातूनच दोन-तीन मिनिटांचा नाच बसवायचा. तोही रिकाम्या हातांनी. ही शेवटची अट माझीच. हातात काहीतरी दिलं की मूल नाचायला लागतं, हे मी कित्येक वर्षं बघतेय. ते काढून घेतल्यावर त्याच्या अंगात काय उरतं, ते मात्र कधी थांबून पाहिलेलं नाही.

पिशवीतला माल (नाटकवाले याला प्रॉपर्टी म्हणतात, मला तो शब्द आवडतो): पातळ नायलॉनचे चौकोनी रुमाल वीस, रिबिनीच्या काठ्या आठ, प्लास्टिकच्या रिंगा दहा, फुग्यांचं एक पाकीट, वर्तमानपत्रांची रद्दी. इलॅस्टिकच्या पट्ट्या अजून शिवायच्या आहेत. रिबिनी आज कापून दीड मीटरच्या केल्या. रिदमिक जिम्नॅस्टिक्समधल्या मोठ्या खेळाडूंची रिबीन सहा मीटरची असते. ती सात वर्षांच्या मुलाला दिली तर दोन मिनिटांत त्याचं गाठोडं होतं आणि पुढची दहा मिनिटं मी गाठी सोडवत बसते.

शनिवार, ४ जानेवारी

पहिला दिवस, म्हणून रुमाल. पहिली पाच मिनिटं रंगांवरून भांडणात गेली. गुलाबी चारच आहेत. पुढच्या वेळी डोळे मिटून पिशवीत हात घालायचा, हाताला येईल तो रंग आपला.

रुमाल वर फेकायचा आणि जमिनीला टेकायच्या आत झेलायचा, एवढंच सांगितलं. नाचायचं आहे, हा शब्दही काढला नाही. थोड्याच वेळात एका मुलीला शोध लागला, की पसरलेला रुमाल वर जातच नाही, हवा त्याला अडवते. मुठीत चुरगळून बोळा केला तर उंच जातो, वर पोचल्यावर उलगडतो आणि मग सावकाश खाली येतो. मिनिटभरात हा शोध हॉलभर पसरला. मी काही न बोलता बघत उभी राहिले. सोळा माना वर, सोळा तोंडं उघडी.

मग झेलायची जागा बदलली. हातानं नाही, कोपरानं. पाठीवर. गुडघ्यावर. मानेच्या मागे. पाठीवर झेलायचं तर रुमालाखाली वाकून सरकायला लागतं आणि तो कुठे उतरणार त्याचा अंदाज घ्यायला लागतो. या वयाच्या मुलांना "पाठीचा कणा वापरा" असं सांगून काही होत नाही. आज सगळ्यांनी वापरला.

भिंतीला टेकून बसलेला एक जण होता, निळ्या टी-शर्टातला. "मला नाचता येत नाही," म्हणाला. म्हटलं, नको नाचूस, माझा रुमाल तेवढा पडू देऊ नकोस. आला. याच्याविषयी फार आनंद करून घ्यायचा नाही असं ठरवलंय. रुमालाचं कौतुक आहे ते. सगळे रुमालाकडे बघतात, आपल्याकडे कोणी बघत नाही, म्हणून तो आला.

डफलीवर माझी सहकारी होती. तिची तक्रार रास्त आहे: मुलं तालाकडे लक्ष देत नाहीत, रुमालाच्या वेगाकडे देतात. मग तिनं उलटं केलं. रुमाल खाली येईपर्यंत डफलीवर नुसती बोटं फिरवत राहायची आणि झेलल्या क्षणी एकच थाप. तिसऱ्या फेरीपासून मुलं थापेसाठी झेलायला लागली.

बुधवार, ८ जानेवारी

जुन्या वहीतून हालचालींचा अभ्यासक लाबान याच्यावरची पानं काढली. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) १९३८ मध्ये इंग्लंडला आला आणि पुढे तिथल्या शाळांमधल्या नृत्यशिक्षणावर त्याच्या विचारांचा मोठा ठसा उमटला. मला लागतो तो त्याचा साधा हिशोब. हालचालीला तीन प्रश्न विचारायचे. जोरकस की हलकी? अचानक की सावकाश? सरळ रोखलेली की वळणावळणाची? तीन प्रश्न, प्रत्येकी दोन उत्तरं, म्हणजे आठ जाती. मुलांसाठी मी त्यांची नावं अशी केली आहेत: तरंग, घसर, टिचकी, झटक, दाब, पीळ, सपकारा, ठोसा. पहिल्या चार हलक्या, पुढच्या चार जोरकस.

(प्रवाह, म्हणजे हालचाल मोकळी सोडली आहे की धरून ठेवली आहे, हा चौथा प्रश्नही त्याच्याकडे आहे. तो सध्या कपाटात.)

शनिवार, ११ जानेवारी

वर्तमानपत्रं. आतापर्यंतची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार वस्तू.

उघडलेलं पान छातीवर धरायचं, पळायला लागायचं आणि हात सोडून द्यायचे. पळत असेपर्यंत समोरची हवा पान छातीशी दाबून धरते. वेग कमी झाला की पान घसरतं. झटकन वळलात की कडेला निसटतं. म्हणजे न थांबता वाहत राहायचं आणि वळायचंच असेल तर मोठा वळसा घ्यायचा. हेच मी एरवी "हालचाल तोडू नका, तोडू नका" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडत असते.

एका मुलीनं पान पोटावर घेतलं, एकानं कपाळावर (काही दिसत नव्हतं, खांबाच्या दिशेनं निघाला होता, पकडला). त्यानंतर सगळ्यांना एकाच दिशेनं, खांबाभोवती गोल पळायला लावलं. हा नियम आधीच करायला हवा होता. आणि पळायच्या आधी मोजे काढायचे, हाही. लाकडी जमिनीवर मोजे म्हणजे घसरगुंडी.

शेवटची पाच मिनिटं पान चुरगळायचं. आधी कानाशी धरून हळूहळू, आवाज ऐकत. मग तसंच आपलं अंग चुरगळायचं, मग तसंच उलगडायचं. चुरगळलेला कागद पूर्ण सपाट होत नाही. निळा टी-शर्ट उलगडताना मध्येच थांबला, एक खांदा वाकडाच ठेवून. म्हणाला, "ताई, याची घडी राहिलीये." घरी येईपर्यंत तो खांदा डोळ्यांपुढून जाईना.

शनिवार, १८ जानेवारी

रिंगा बाद.

बेट-बेट खेळ मांडला होता: जमिनीवर रिंगा, डफली थांबली की एका बेटावर उभं राहायचं. एका मुलीचा पाय रिंगेच्या कडेवर पडला, लाकडी जमिनीवरून रिंग सटकली आणि ती बसल्या जागी आपटली. लागलं नाही फारसं, पण रडली, आणि चूक माझी होती. गोल कडा, गुळगुळीत जमीन आणि वर उडी मारणारं मूल, हे गणित मला कागदावरही दिसायला हवं होतं. हातात धरून, गोलातून आत-बाहेर जाण्यासाठी रिंगा चांगल्या आहेत. पायाखाली कधीच नाहीत. बेटांसाठी जमिनीला चिकटणारी रंगीत टेप लावायची.

उरलेला वेळ स्टॅच्यू. हा सगळ्यांनाच येतो, म्हणून मी त्यावर फार विचार केला नव्हता. नेहमीचा नियम असा, की हलला तो बाद. पहिल्या फेरीत बाद झालेले पाचही जण तेच, ज्यांना थांबणं जमत नाही. म्हणजे ज्यांना सरावाची गरज सगळ्यात जास्त, त्यांना खेळ सगळ्यात आधी बाहेर बसवतो. उरलेले चार-पाच, ज्यांना आधीच येतं, ते शेवटपर्यंत खेळतात. स्पर्धेसाठी ठीक आहे. शिकवायला याहून उलटा नियम सापडणार नाही.

तिथल्या तिथे बदललं. हलला तो शिल्पकार. त्यानं हॉलमधल्या कोणत्याही दोन पुतळ्यांमध्ये जाऊन, कुणालाही न शिवता, मधली मोकळी जागा आपल्या अंगानं भरायची आणि तिथे पुतळा व्हायचं. आता मुलं मुद्दाम हलायला लागली! तेही चालेल. कुणाच्या काखेतल्या त्रिकोणात डोकं घालून, कुणाच्या पायांच्या कमानीखाली आडवं होऊन बसायला लागली. अंगाभोवतीची रिकामी जागा हीसुद्धा आकार असते, हे शब्दांत सांगायची वेळच आली नाही.

शनिवार, २५ जानेवारी

फुगे. लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्यांची नजर वर, त्यामुळे तीन टकरा. एक फुगा फुटला, दोघं दचकून रडली, आणि जमिनीवरचे रबराचे तुकडे मी गुडघ्यांवर रांगत वेचले, कारण ते कुणाच्या तोंडात गेले तर घशात अडकतात. पुन्हा नाही.

एक मात्र नोंदवायला हवं. फुगे गोळा करून पिशवीत टाकल्यावर, गोंधळ शमवायला मी म्हटलं, आता हातात फुगा नाही, पण आहे असं समजून खेळा. सगळी मुलं नक्कल करायला लागली. बोटं गोल, गाल फुगवलेले, फुगा फुटल्याचा अभिनय, खोटंखोटं रडणं. हसायला आलं, पण नाच कुठेच नव्हता. फुग्यामुळे अंगात आलेला तो हलकेपणा, टाचा उचललेल्या, हात खालून वर जाणारे, हे सगळं फुग्याबरोबर पिशवीत गेलं होतं.

शेवटच्या शनिवारचं कसं होणार, याची पहिली काळजी आज वाटली.

मंगळवार, २८ जानेवारी

चार आठवड्यांचे मोबाइलवरचे व्हिडिओ एका बैठकीत पाहिले. पोटात गोळाच आला. सगळी मुलं फुलपाखरं झाली आहेत. हात बाजूला, टाचा उचललेल्या, गोल गोल.

आठ जातींचा तक्ता समोर ठेवला. रुमाल म्हणजे तरंग. रिबीन म्हणजे तरंग, फार तर झटक. फुगा टिचकी. कागद घसर. पिशवीतलं सगळं सामान हलकं आहे! खालच्या चार घरांत, जोराच्या, मी एकही वस्तू दिलेली नाही. मग मुलं जोरकस कशी नाचतील? "आणखी दमदार करा" असं तोंडानं सांगत राहिले आणि हातात रुमाल देत राहिले.

यावरून लोई फुलर आठवली. १८९०च्या दशकात पॅरिस गाजवलेली ही नर्तकी घेरच घेर असलेलं रेशीम अंगावर घ्यायची आणि त्याच्या आत लपवलेल्या लांब काठ्यांनी ते हवेत फिरवायची. त्या पोशाखाचं तिनं १८९४ मध्ये पेटंटसुद्धा घेतलं. प्रेक्षकांना दिसायची ज्वाला, फूल, फुलपाखरू. तिचं शरीर जवळजवळ दिसायचंच नाही. तिला तेच हवं होतं, आणि ते पेलायला तिचे खांदे काय कमावलेले असतील! माझ्या मुलांचं मात्र असं झालंय, की रुमाल नाचतो आणि मूल त्याला धरून उभं असतं. काही वस्तू अंगाचं काम झाकतात, काही उघडं पाडतात. मला आता दुसऱ्या जातीची वस्तू हवी.

इलॅस्टिक आज शिवायला घेतलं. दोन बोटं रुंद पट्टी, दोन्ही टोकं जोडून गोल केलेली. एकूण आठ.

शनिवार, १ फेब्रुवारी

खेळाआधी नियम, आणि तो पाच वेळा म्हणवून घेतला: *ताणलेलं कधीही सोडायचं नाही. आधी एकमेकांकडे चालत यायचं, ढिलं झालं की मगच सोडायचं.* गळ्यात घालायचं नाही, हा दुसरा. हे दोन मोडले तर इलॅस्टिक लगेच माझ्याकडे.

जोड्या केल्या. दोघांच्या मध्ये एक पट्टी, कमरेमागून घेतलेली. एकमेकांपासून लांब जायचं, बस. पहिल्या क्षणाला सगळ्यांचे गुडघे वाकले. मी काही सांगितलं नव्हतं. ताण आला की शरीर आपोआप खाली बसतं, पाय रुंद होतात, पोट आत जातं. चार आठवडे हवेत असलेली मुलं एका मिनिटात जमिनीवर आली. हॉलमधला आवाजच बदलला, पावलांची धप्प-धप्प ऐकू यायला लागली. माझ्या सहकारीनं डफली खाली ठेवली आणि नुसती जमिनीवर मूठ आपटून ताल धरला.

मग एकेकट्यानं: पट्टीचं एक टोक पायाखाली, दुसरं हातात. वर ढकला, बाजूला ढकला, पाठीमागे ढकला. इथे लबाडी चालत नाही. जोर लावलात तर पट्टी ताणलेली दिसते, नाही लावलात तर लोंबते. रुमाल घेऊन मूल अर्ध्या मनानं हलत असलं तरी छान दिसतं. इलॅस्टिकमध्ये अर्धं मन लगेच दिसतं.

अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहॅमनं १९३० मध्ये ‘लॅमेंटेशन’ (विलाप) हा नाच केला, तो ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत शिरून, जवळजवळ पूर्ण वेळ बाकावर बसून. चेहरा, हातांचे पंजे आणि पावलं सोडली तर बाकी सगळं कापडात, आणि तरी आतलं प्रत्येक ढकलणं बाहेरून दिसतं. फुलरचं कापड आणि ग्रॅहॅमचं कापड, दोन्ही कापडंच. एकात अंग लपतं, दुसऱ्यात अंग काय करतंय तेवढंच उरतं. मुलांना यातलं काही सांगितलं नाही. पुढच्या वर्गासाठी नोंद म्हणून लिहितेय.

घरी जाताना एक आजोबा थांबले. "नाच कधी सुरू होणार?" मी म्हटलं, आज झाला. त्यांना पटलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दोन गोष्टी. पहिली चांगली, दुसरी त्याहून चांगली.

ओला टॉवेल. दोघांनी दोन टोकं धरून पिळायचा, उलट दिशांना. बादलीत शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग टॉवेल बाजूला आणि तोच पीळ पाठीत, मग मानेत, मग पायाच्या बोटांत. जमीन ओली झाली, दहा मिनिटं पुसण्यात गेली. पुढच्या वेळी टॉवेल घरूनच पिळून, दमट आणायचा.

दुसरी: वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या करून प्रत्येकाच्या हाताला, मनगटापासून खांद्यापर्यंत, कागदी चिकटपट्टीनं बांधल्या. कोपर वाकत नाही! १९२०च्या दशकात जर्मनीतल्या बाऊहाउस या कलाशाळेत ऑस्कर श्लेमरनं नर्तकाच्या हातापायांना लांबलचक काठ्या बांधून नाच केला होता, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. त्याच्या काठ्या हालचालीच्या रेषा हवेत दाखवायच्या. आमच्या सुरळ्यांनी वेगळंच काम केलं. कोपर बंद झाल्यावर नाक खाजवायचं कसं? केस मागे कसे करायचे? शेजाऱ्याशी टाळी कशी द्यायची? मुलांनी कंबर फिरवली, खांदा उचलला, अख्खं अंग वळवून हात तिकडे नेला. एका मुलीनं तर जमिनीवर पालथं पडून, हात मागे ठेवून, डोक्यानं टाळी दिली.

एक सांधा काढून घेतला आणि दहा नवे मिळाले. वस्तू देण्याइतकंच काहीतरी अडवणंही उपयोगी पडतं. पाठीवर झेलायला लावलं तेव्हाही तेच झालं होतं, फक्त तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सर्दी-खोकल्यामुळे नऊच मुलं. मोठं ताणणारं कापड, सगळ्यांनी कडेनं धरून वर-खाली. एका श्वासात वर, एका श्वासात खाली. छान झालं, पण कापडाखाली शिरायची हौस भागवण्यातच निम्मा वेळ गेला. अधिक काही नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रिकाम्या हातांचा पहिला दिवस. फसला.

"रुमाल आठवा आणि रुमालाशिवाय नाचा" म्हटलं आणि फुग्याच्या दिवशी झालं तेच पुन्हा झालं. सगळे मुठीत नसलेला रुमाल धरून उभे. बोटांची चिमूट, चेहऱ्यावर अभिनय. एकानं तर नसलेल्या रुमालानं नाक पुसलं आणि सगळे फिस्स करून हसले. तिघं सरळ म्हणाली, "ताई, द्या ना खरा." निळा टी-शर्ट भिंतीपाशी गेला.

माझ्या सहकारीनं मध्यंतरात एक वाक्य टाकलं: "तू त्यांना वस्तू आठवायला सांगतेस. अंग आठवायला कुठे सांगितलंस?"

बरोबर. वस्तूची आठवण हातात असते, म्हणून त्यांनी हात हलवले. नंतरची पंधरा मिनिटं अशी: डफलीचे आठ ठोके खरा रुमाल घेऊन, मग रुमाल जमिनीवर आणि लगेच, मध्ये अजिबात न थांबता, आठ ठोके त्याच्याशिवाय. पुन्हा उचला, आठ. पुन्हा ठेवा, आठ. आणि ठेवल्यावर मूठ उघडी, हा एकच नियम. मूठ उघडी राहिली की चिमटीत धरायला काही उरत नाही आणि नक्कल तिथेच मरते. अंग मात्र अजून गरम असतं, आठ ठोक्यांपूर्वी काय केलं ते त्याला आठवतं. मुलं विसरली, की पुन्हा रुमालाकडे जाऊन विचारून येत होती, असंच दिसत होतं ते.

चौथ्या-पाचव्या फेरीला एक-दोघांच्या पाठीत तो सावकाश उतरणारा रुमाल खरंच दिसला. सोळांत एक-दोघं. वेळ संपली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

शनिवारचा बेत. रुमालाऐवजी इलॅस्टिक घेऊन हेच करायचं. माझा अंदाज असा: रुमाल डोळ्यांनी खेळायची वस्तू आहे, तो गेला की डोळ्यांपुढे काही उरत नाही. इलॅस्टिक स्नायूंत राहतं. आपण ताण बघत नाही, तो आतून कळतो. म्हणून वस्तू गेल्यावर त्याची आठवण जास्त टिकायला हवी.

सुरुवातीला आरशाचा खेळ घ्यायचा: एकानं हलायचं, समोरच्यानं आरशासारखं तसंच करायचं. वायोला स्पोलिनच्या नाट्यखेळांत आरशाच्या खेळाची पुढची पायरी आहे: कोणीच नेता नाही, दोघंही एकमेकांच्या मागे. फार सावकाश केलं तरच जमतो.

शनिवार, १ मार्च

लिहायला बसले आहे आणि हात अजून थरथरतोय, तेव्हा क्रमानं.

आरसा: सात मिनिटं. पहिली चार गडबड. नंतर वेग इतका उतरला, की दोन जोड्यांमध्ये कोण पुढे आणि कोण मागे, ते मलाही कळेना.

मग इलॅस्टिक. आठ ठोके ताणून, आठ ठोके पट्टी जमिनीवर ठेवून. मूठ उघडी. गुडघे वाकलेलेच राहिले. पाय रुंदच राहिले. दोघांच्या मध्ये एक हात रिकामी हवा, आणि ती ताणलेली. मी डफलीवालीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

ठोके आठाचे सोळा केले, सोळाचे बत्तीस. शेवटी म्हटलं, आता पट्ट्या उचलायच्याच नाहीत, तसेच खेळा, आणि तुम्हाला वाटेल तेव्हा संपवा.

निळा टी-शर्ट आणि त्याची जोडीदार हॉलच्या दोन टोकांना होती, मध्ये खांब. दोघांची कंबर मागे, टाचा रोवलेल्या, हात उघडे. त्यांना संपवायचं होतं. नुसतं उभं राहायचं, झालं, संपलं असतं, कारण मध्ये काही नव्हतंच. पण तो सोडेना. आधी तिच्याकडे एक पाऊल आला. ती त्याच्याकडे एक पाऊल. पुन्हा एक. प्रत्येक पावलाबरोबर दोघांच्या पाठी थोड्या सरळ होत गेल्या, गुडघे थोडे सुटत गेले. खांबापाशी अगदी समोरासमोर आल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग, ढिलं झाल्याची खात्री करून, कमरेमागे हात नेऊन नसलेली पट्टी सोडली.

नियम पाळला होता त्यांनी. *आधी चालत यायचं, मगच सोडायचं.* मी तो फटका बसू नये म्हणून शिकवला होता.

हाच शेवटच्या शनिवारच्या नाचाचा शेवट. मुलांना विचारलं, सगळी हो म्हणाली. सुरुवात चुरगळलेल्या कागदाची, मध्ये खांबाभोवतीचं पळणं, मग पुतळ्यांच्या मधल्या जागा भरणं, मग ही ताणलेली हवा. मधला क्रम त्यांनी आपसांत भांडून ठरवला. त्यात मी पडले नाही, एकदाच पडले, तेही मारामारी सोडवायला.

शनिवार, ८ मार्च

पालक आले. भिंतीला खुर्च्या.

एक ऐनवेळची कल्पना: बसायच्या आधी प्रत्येक पालकाला रुमाल दिला आणि मुलांना सांगितलं, यांना पाठीवर झेलायला शिकवा. पाच मिनिटं. मुलं फारच कडक मास्तर निघाली. "आई, हात नाही! पाठ! पाठ!" त्या आजोबांनी तिसऱ्या प्रयत्नाला मानेच्या मागे झेलला आणि इकडे तिकडे पाहिलं, कोणी बघितलं का म्हणून. यानंतर स्टेप्सबद्दल कोणी विचारलं नाही. (दम लागला होता म्हणूनही असेल.)

मग रुमाल परत घेतले आणि मुलांनी नाच केला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. डफली सोडून कशाचीच साथ नव्हती.

पळताना दोघं उलट दिशेनं गेली, टक्कर वाचली. पुतळ्यांच्या भागात एक मुलगी, जिला मधली जागाच सापडेना, ती सरळ खांबाला दोन्ही हातांनी कवळून पुतळा झाली. ते बसवलेलं नव्हतं. तिघांनी लगेच तिच्या आणि खांबाच्या मधल्या फटींत शिरून जागा भरल्या, आणि तो भाग तालमीपेक्षा कितीतरी सरस झाला. दहा आठवड्यांत मी त्या खांबाचा असा उपयोग केला नव्हता.

ताणलेल्या हवेच्या वेळी सगळ्या जोड्या टिकल्या असं नाही. तीन जोड्या टिकल्या. दोन जोड्यांची हवा मध्येच लोंबली, एक जोडी हसत सुटली. बाकीच्या दोन जोड्यांचं मला सांगता येणार नाही, कारण त्या वेळी मी निळ्या टी-शर्टाकडे बघत होते. आज तो पांढऱ्या शर्टात होता.

सोमवार, १० मार्च

पिशवी उपसली. रुमाल एकोणीस, एक गुलाबी कमी. तो कुणाकडे आहे याचा अंदाज आहे, विचारणार नाही. रिबिनी सगळ्या आहेत, पाचव्या आठवड्यापासून कोणी काढल्याच नाहीत. फुग्यांचं उरलेलं पाकीट देऊन टाकायचं. रिंगा वर फळीवर.

इलॅस्टिकच्या आठपैकी तीन पट्ट्यांचे जोड उसवायला आलेत. या वेळी एकेरी शिवण होती. पुढच्या गटाआधी सगळ्या उलगडून दुहेरी शिवायच्या, आणि इलॅस्टिक तिसऱ्या शनिवारीच आणायचं, पाचव्याची वाट न बघता.